प्रत्येक पायरीला उंबरठा

"आजी पाय उचलून टाकत नाही, त्याले मी का करू?"

हे वाक्य आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच सोफ्यावर बसून, आमचेच तर्रीपोहे खाता खाता एका माणसाने टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही. बोलणारा म्हणजे आमच्या जिन्यावर लाकूड चढवणारा ठेकेदार. आणि आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वेळी त्या त्याच हॉलमध्ये, समोरच्या दिवाणावर, सुजलेला घोटा उशीवर ठेवून पडल्या होत्या. त्यांचे डोळे अधू असले तरी कान शाबूत आहेत. शब्दन् शब्द त्यांना ऐकू येत होता, आणि त्या छताकडे बघत गप्प होत्या. माझ्या सासूबाई गप्प बसतात हेच मुळात आमच्या घरात अघटित.

आमचं घर नागपुरातल्या जुन्या वस्तीतलं, साधं, दुमजली. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर. वर झोपायच्या खोल्या आणि गच्ची. गच्चीला लागून असलेली खोली सासूबाईंची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ती त्यांचीच आहे. गच्चीवर त्यांच्या कुरड्या आणि सांडगे वाळतात, आणि वानरांची टोळी आली की त्या काठी आपटून तिला असं काही सुनावतात की शेजारचे खिडक्या लावून घेतात. वयामुळे खाली राहायला या, असं कोणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं: "मी मेल्यावर न्या मले खाली. तवा तर न्याच लागते."

त्यांना काचबिंदू आहे. समोर उभा असलेला माणूस त्या ओळखतात, त्याने दाढी केली नसेल तर तेही सांगतात, पण पायाखालचं त्यांना काही दिसत नाही. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी फार रडारड केली नाही. डोळ्यांचं काम त्यांनी पायाच्या अंगठ्याला लावून दिलं. आमचा जुना जिना सिमेंटचा होता. घर बांधताना मिस्त्रीने सिमेंट ओलं असतानाच प्रत्येक पायरीच्या कडेला सुतळी दाबून रेघा पाडल्या होत्या, पाय घसरू नये म्हणून. दिसायला तो जिना कुरूपच होता, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई अनवाणी यायच्या, अंगठा पुढे सरकवायच्या, रेघा लागल्या की कड आली हे त्यांना कळायचं, मग पाऊल खाली. रोज सकाळी हातात तांब्या घेऊन, तुळशीला पाणी घालायला, कुणाचाही हात न धरता. एकदा मी हात पुढे केला होता. त्या म्हणाल्या, "काहून वं? माझे पाय का कोणाजवळ गहाण पडले?" त्यानंतर मी कधी हात पुढे केला नाही.

हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण चांगलं चाललेलं असलं की आमच्या यजमानांना करमत नाही.

यजमान निवृत्त झाले. निवृत्त माणसाला घरात बसल्या बसल्या घर दिसायला लागतं, हे मी अनुभवाने सांगते. त्यात ते एका मित्राच्या नव्या घराच्या वास्तुपूजेला जाऊन आले आणि तिथला लाकडी जिना पाहून आले. तेव्हापासून एकच धोशा. "आपला जिना धर्मशाळेसारखा दिसून राहिला." "पाहुणे आले की मले लाज वाटते." आमच्याकडे पाहुणे म्हणजे वर्षानुवर्षं तेच आठ-दहा नातेवाईक, आणि त्यांची नजर जिन्याआधी ताटाकडे जाते. मी तसं सांगितलं. उपयोग झाला नाही. शेवटी मी विचारलं, "आईंना विचारलं का? जिना सगळ्यात जास्त त्या वापरतात."

तर म्हणाले, "आईले काय विचाराचं? तिले कुठं दिसते?"

हे बोलताना त्यांना काही वाईट बोलतोय असं वाटलंही नसावं. माणूस वाईट नाही. आईची औषधं वेळेवर आणतात, डोळ्यांत थेंब स्वतः घालतात. पण जिना ही पाहायची वस्तू आहे असं एकदा डोक्यात बसलं की ज्याला दिसत नाही त्याचा त्या जिन्याशी संबंधच काय उरला! मला त्या वाक्याचा इतका संताप आला की मी उठून सरळ कणीक मळायला गेले. तिथेच चूक झाली म्हणा. तेव्हाच भांडायला हवं होतं.

मग ठेकेदार आला. मोबाइलवर फोटोच फोटो. कुठल्या कुठल्या बंगल्यांचे चकचकीत जिने, आणि एकाही फोटोत माणूस नाही. त्याने समजावून सांगितलं की जुन्या सिमेंटवर लाकडी फळ्या बसवायच्या, आणि फळीची कापलेली कड उघडी दिसू नये म्हणून पायरीच्या टोकावर एक पट्टी बसवायची. तिला तो नोजिंग म्हणत होता. पट्टी फळीवर थोडी चढते आणि पुढून खाली वळते. त्याने दाखवलेली पट्टी फळीच्याच रंगाची, गुळगुळीत, वरून गोलसर आणि फळीपासून चांगली उचललेली होती. मी म्हटलं, "सपाट नाही का? आणि काळी, खरबरीत अशी काही?"

"काकू, ते दुकानात लावते. घरात लुक जाते."

"लुक जाते," यजमान म्हणाले. त्या दिवसापासून हा शब्द आमच्या घरात इतक्यांदा आला की मला वाटलं त्यालाही एक खोली द्यावी लागणार.

काम निघालं वैशाखात. नागपूरचा वैशाख म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पोर्चमध्ये मशीनने फळ्या कापायचे आणि तो सगळा भुसा आमचा कूलर ओढून घरात घ्यायचा. वरणात भुसा, देवांवर भुसा. ठोकाठोकीचा त्रास नको म्हणून सासूबाईंना सावनेरला माझ्या नणंदेकडे पाठवलं होतं. पहिली पायरी बसली तेव्हा यजमान नारळ घेऊन आले, पायरीवर फोडायला. ठेकेदार धावत आला: "अजी, तिथं नका फोडू! खड्डा पडन!" नारळ गेटाजवळच्या दगडावर फुटला. ज्या पायरीला नारळ सोसत नाही तिला माणूस कसा सोसेल, असं मी म्हटलं. त्यावर दोघेही हसले, जणू मी विनोद केला.

मी बारकाईने बघत होते. सिमेंट न झाडताच त्यावर फोमचा पातळ थर टाकला, त्यावर फळी टाकली, आणि टोकाला उघड्या सिमेंटवर पिचकारीतून सिलिकॉनचा लेप काढून पट्टी दाबून दिली. स्क्रू नाही, काही नाही. मी विचारलं. उत्तर आलं, "स्क्रूचं डोकं दिसते काकू."

सासूबाई सावनेरहून परतल्या त्या दिवशी यजमान त्यांना थेट जिन्याशी घेऊन गेले. "आई, हात लावून पाह, कसा झाला!" त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, चांगला आहे म्हणाल्या, आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकायला गेल्या तर बोटं पायरीच्या तोंडावर आपटली.

"ही पायरी कशी उंच झाली गा?"

"तूच सावनेरले राहून बुटकी झाली," यजमान म्हणाले, आणि स्वतःच हसले.

पायरी खरंच उंच झाली होती. सगळ्या पायऱ्यांवर फळी चढली, पण खालच्या फरशीवर नाही आणि वरच्या मजल्यावरही नाही, तिथे कडेला नुसती पट्टी. म्हणजे पहिली पायरी बोटाच्या जाडीने उंच झाली आणि शेवटची तितकीच ठेंगणी. डोळसाला हे जाणवणारही नाही. पण जिचा जिना पायांत पाठ आहे तिच्या पाठांतराचं पहिलं आणि शेवटचं अक्षर कोणीतरी न विचारता बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये होते. सासूबाई वरच्या टोकाला तांब्या घेऊन उभ्या. अंगठा पुढे सरकला. रेघा नव्हत्या. अंगठा पट्टीच्या उंचवट्याला लागला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. मग त्या वळून खोलीत गेल्या. "आज बरं नाही वाटत. तूच घाल वं पाणी तुळशीले," असा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही.

पुढे एकदा मी बाजारात जायला निघाले आणि पिशवी विसरली म्हणून परत आले. दार उघडंच होतं. सासूबाई जिन्यावर होत्या. बसून उतरत होत्या. नऊवारी गुडघ्यांत आवळून धरलेली, एक हात कठड्याला, तांब्या शेजारी ठेवलेला. आधी तांब्या एक पायरी खाली ठेवायच्या, मग स्वतः सरकायच्या. सरकून झालं की पदर सारखा करायच्या, कोणी पाहिलं तर नाही ना अशी मान वळवायच्या, आणि पुन्हा तांब्या. याच बाईने माझ्या बाळंतपणात हंडे भरून कढत पाणी याच जिन्याने वर नेलं होतं.

मी पिशवी न घेता पाऊल न वाजवता बाहेर पडले. मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं तर त्या मेल्याहून मेल्या झाल्या असत्या. गेटाबाहेर उभी राहून मी इतकी रडले की भाजीवाल्याने विचारलं, कोणी वारलं का. रडू दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. घरातल्या मोठ्या बाईला घरातच लपून, सरपटत चालायला लावलं होतं, आणि कशासाठी, तर पाहुण्यांना छान दिसावं म्हणून.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. बसून उतरल्याचं नाही, ते मी आज पहिल्यांदाच सांगते आहे. एवढंच म्हटलं की आईंना कड समजत नाही. "होईन सवय," ते म्हणाले. पण मनात कुठे तरी टोचलं असावं, कारण त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदाराने फोनवरच इलाज सांगितला: आजींना म्हणा, पाय घासू नका, चांगला उचलून टाका. यजमानांनी तो निरोप आईला जसाच्या तसा दिला. आणि सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही त्यांनी, तो ऐकला. मला वाटतं बसून उतरण्याची लाज त्यांना इतकी झाली होती की त्यांनी कुणाचंही ऐकलं असतं.

श्रावणातली सकाळ होती. मी खाली परडीत फुलं घेऊन उभी. सासूबाई जिन्याच्या वरच्या टोकाशी आल्या, अंगठा पुढे सरकवला, पट्टीचा उंचवटा लागला. मग त्यांनी पाऊल उचललं. चांगलं उचललं, सांगितलं होतं तसं, आणि पट्टीच्या पलीकडे टाकलं. पलीकडे काहीच नव्हतं. तांब्या ठणठणत माझ्या पायाशी आला. त्यांची कोपर कठड्यात अडकली म्हणून त्या खालपर्यंत आल्या नाहीत, खालच्या पायरीवर आदळल्या. त्या पायरीची पट्टी त्यांच्या पायाखालून निसटून जिन्यावरून घसरत आली. हाड मोडलं नाही. घोटा मात्र सुजून आला आणि डॉक्टरांनी चालणं बंद केलं.

यजमान पळत आले. आईला उचललं, दिवाणावर झोपवलं, घाबरून पांढरेफटक पडले होते. आणि पहिलं वाक्य काय निघालं तोंडातून? "आई, तू पाहून काहून नाही चालत?"

दुपारी घोट्याला आंबेहळदीचा लेप लावताना मी सासूबाईंना विचारलं, की आई, पट्टी पायाला लागली होती ना, मग तिच्यावरच पाय का नाही दिला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी संस्कार नसलेल्या घरातून आलेय.

"उंबरठ्यावर पाय कसा देऊ वं?"

उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही हे शिकवतात. सासूबाईंनी आयुष्यभर सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं आणि एकदाही त्यावर पाय दिला नाही. दाराशी, अंगठ्याला, उचललेली लाकडी पट्टी लागली की ती त्यांच्यासाठी उंबरठाच. त्यांची खोली संपते आणि जिना सुरू होतो तिथे या शहाण्यांनी उंबरठा बसवला होता, आणि मग पुढच्या प्रत्येक पायरीला एकेक. वर त्यांना सांगितलं, पाय उचलून टाका! त्यांनी उचलून टाकला. ऐकलं म्हणून पडल्या.

तर आता त्या पोह्यांकडे येते. निसटलेली पट्टी चिकटवायला ठेकेदार आला, बशी हातात घेतली आणि ते वाक्य बोलला. मी म्हटलं, "पाय उचलला म्हणूनच त्या पडल्या," आणि उंबरठ्याची गोष्ट सांगितली. तो यजमानांकडे बघून हसला. बायकांचं काहीतरी असतं, अशा अर्थाचं ते हसू मी चांगलं ओळखते. मग पट्टी निघाली कशी? तर म्हणे कूलरच्या ओलाव्याने. तुम्ही ओला पोछा मारत असाल. नाचता येईना अंगण वाकडं! "नागपुरात राहायचं आणि उन्हाळ्यात कूलर लावायचा नाही?" मी विचारलं. "घरात राहायचं आणि पुसायचं नाही? चालायचंही नाही? मग हा जिना तुमच्याच घरी न्या."

"तू काहून इतकी तापून राहिली?" यजमान म्हणाले. "पाहुण्यासमोर?"

मी ती निसटलेली पट्टी उचलली आणि उलटी करून त्यांच्यासमोर धरली. वाळलेल्या सिलिकॉनला बेसनात घोळवलेल्या मिरचीसारखी सगळीकडून धूळ लागलेली होती. न झाडलेल्या सिमेंटची धूळ. पट्टी सिमेंटला कधी चिकटलीच नव्हती, नुसती धुळीला चिकटली होती. इतके महिने सासूबाई धुळीच्या भरवशावर चढत-उतरत होत्या, आणि दोष कोणाचा, तर त्यांच्या पायाचा.

त्यावर दोघा पुरुषांनी तोडगा काढला. पट्टी पुन्हा चिकटवू, आणि आईला कायमचं खाली ठेवू. हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, दिवाणावर. "तिलेही टीव्ही ऐकाले होईन," यजमान म्हणाले. आणि महालक्ष्म्याही यंदा खालीच बसवू.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी येतात. पितळी मुखवटे वर्षभर सासूबाईंच्या खोलीतल्या पेटीत असतात. घरातली मोठी बाई ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत घेऊन खाली तुळशीजवळ आणते, तिथे पूजा होते, आणि तिथून वाजतगाजत पुन्हा वर, त्याच खोलीत स्थापना. धाकटीचा मुखवटा माझ्याकडे असतो. सासरे गेले तेव्हा नात्यातल्या बायकांनी हळूच सुचवलं होतं की आता ज्येष्ठाही सुनेनेच आणावी, बरं दिसत नाही. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "देवीनं सांगतलं का तुमच्या कानात?" पुन्हा कोणी काढलं नाही. त्या वेळी त्या बायकांना जे जमलं नाही ते आता एक जिना करून दाखवणार होता, तेही काळजीचं नाव घेऊन.

सासूबाईंनी भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "मंग माझ्या खोलीत कोण राहीन?"

यजमानांनी चहाचा कप उचलला, त्यात चहा नव्हता. ठेकेदाराला उद्या फोन करतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता इतवारीत गेले. हातगाड्या, टेम्पो आणि भांड्यांच्या गल्लीतून वाट काढत हार्डवेअरच्या दुकानात पोचले आणि जिन्याच्या पट्ट्या मागितल्या. दुकानदाराने काउंटरवर पट्ट्या मांडल्या. मी एक खाली फरशीवर ठेवली, चप्पल काढली आणि अंगठा त्यावरून फिरवू लागले. गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली. "ताई," दुकानदार अगदी नम्रपणे म्हणाला, "हे पायरीले लावाचं आहे, पायाले नाही."

"तेच तर कोणाला समजून नाही राहिलं," मी म्हटलं आणि वेगवेगळ्या नमुन्यांचे तुकडे पिशवीत भरून घरी आणले.

ते तुकडे मी दिवाणाजवळ जमिनीवर मांडले आणि सासूबाईंचा चांगला पाय धरून एकेकावर ठेवला. गुळगुळीत पितळी पट्टी लागताच त्या म्हणाल्या, "हे तर तुपासारखं हाय." एक रबरी, "चिकट." मग ॲल्युमिनियमची सपाट पट्टी आली, मधे काळी खरबरीत रेघ आणि बाजूने दातेरी खाचा असलेली. फळीशी बरोबरीने बसणारी, उंचवटा नसलेली. अंगठा तिच्यावर गेला, मागे आला, पुन्हा गेला. त्यांचा चेहरा मी बघत होते. "हे सुतळीवाणी लागते," त्या म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत जिना कसा हवा हे त्यांना कोणी विचारलं ते हेच पहिल्यांदा.

ठेकेदाराने ती पट्टी पाहून नाक मुरडलं. "टॉकीजसारखं दिसन काकू."

"दिसू द्या. टॉकीजमध्ये अंधारातसुद्धा लोक पडत नाहीत."

यजमान अजूनही कुरकुरत होते. "पण मंग लुक..."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "लुकचा फोटो काढून ठेवा भिंतीला लावायला. आई गेल्या तर त्यांचाही फोटोच लावावा लागेल." सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "अवं, मी इथंच हाओ," आणि यजमानांनी ठेकेदाराला खूण केली, लाव तीच.

मी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाही. प्रत्येक पायरीची फळी काढायला लावली, फोम फाडून फेकला, सिमेंट माझ्या हाताने झाडलं, मग पुसलं. फळी सरळ सिमेंटवर चिकटली. पट्टीसाठी सिमेंटमध्ये भोकं पाडून स्क्रू कसले गेले, आणि स्क्रूंची डोकी दिसतात. मला तर ती फार छान दिसतात. पहिल्या पायरीची उंची मात्र तशीच राहिली. त्याला आता इलाज नव्हता, ती सासूबाईंनाच नव्याने पाठ करावी लागली. घोटा बरा झाल्यावर त्यांनी ती केली. पहिले काही दिवस चढताना त्या पायरीला शिवी बसायची, मग शिवी बंद झाली.

यानंतरची गोष्ट तर अशी की माणसाने हसावं की कपाळ बडवावं. ठेकेदाराने आमच्या जिन्याचा फोटो काढून आपल्या मोबाइलवर टाकला, "ज्येष्ठांसाठी खास सुरक्षित जिना" म्हणून. आणि यजमान! महालक्ष्म्यांच्या आमंत्रणाचे फोन करताना मी माझ्या कानांनी ऐकलं: "आईसाठी मुद्दाम करवून घेतला. काय आहे, वय झालं की जपा लागते." वा रे जपणारे! मी स्वयंपाकघरातून डाव जरा जोरात आपटला. ते आवाज हळू करून तेच पुढे सांगत राहिले.

आवाहनाच्या दिवशी घर भरलं होतं. पायऱ्यापायऱ्यांवर मी रांगोळीने पावलं काढली होती, पट्टीच्या आत, कड मोकळी सोडून. सासूबाईंनी हिरवी नऊवारी नेसली, पेटीतून ज्येष्ठेचा मुखवटा काढला, पदराने पुसला, दोन्ही हातांत घेतला आणि जिन्याच्या टोकाशी आल्या. त्यांच्यामागे धाकटीला घेऊन मी. खाली सगळे नातेवाईक माना वर करून. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे कठडा धरायची सोय नाही.

यजमान जिना चढून अर्ध्यावर आले. सगळ्यांसमोर हात पुढे केला.

"आई, मुखवटा माझ्याजवळ दे. तू माझा हात धर."

सासूबाईंनी पाऊल हळूच पुढे सरकवलं. अंगठा दातेरी खाचांवर खर्र आवाज करून थांबला. त्यांनी पट्टीवर पाय पक्का दिला, आणि मग दुसरा खाली टाकला. बरोबर पायरीवर. मग पुन्हा अंगठा, पुन्हा खर्र. अशा त्या यजमानांच्या पुढ्यात येऊन थांबल्या. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता.

"महालक्ष्म्याइले हातानं आणा लागते गा," त्या म्हणाल्या. "त्या पाहुण्या हायेत. मी घरचीच हाओ. सरक."

यजमान भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आम्ही खाली गेलो.